टोळी कुठे आहे?

सप्टेंबर संपत आला होता आणि पावसाने उघडीप दिली होती. नाशिकमधल्या ज्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते, तिथल्या विद्यार्थी मदत कक्षात एका शिफारसपत्रावर सही करायला मी गेले होते. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. महाविद्यालय सोडल्याचा दाखला मिळावा, असा तो अर्ज होता. अशा वेळी आम्हा शिक्षकांचे प्रश्न ठरलेले असतात. का सोडतेस, घरच्यांना विचारलेस का, दीड वर्ष काढल्यावर आता मध्येच सोडणे बरे का. कक्षातल्या समुपदेशक मॅडमनी यातले काहीच विचारले नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि विचारले, “यंदा टोळी कुठे आहे गं?” मुलीने मान वर केली. “वडनेरला, मॅडम.” “आई गेलीय?” “आईची कंबर धरलीय. तिच्या जागी मला बोलावलंय.” “उचल किती घेतलीय?” मुलीने आकडा सांगितला, आणि मग दोघी बराच वेळ द्राक्षबागेच्या एकरांचा, टोळीतल्या मजुरांचा आणि दिवसांचा हिशेब करत राहिल्या.

दाखल्याचा अर्ज टेबलावर तसाच पडून होता. त्याची घडीही कोणी उलगडली नाही.

तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. हंगामी मजुरी, स्थलांतर, प्रच्छन्न बेरोजगारी हे सगळे मी फळ्यावर लिहिते आणि मुले वहीत उतरवून घेतात. त्या वहीतल्या प्रकरणाचा आणि समोर बसलेल्या मुलीच्या उपस्थितीचा संबंध इतक्या साध्या चार शब्दांत जोडला जातो, हे मी तोवर कोणाकडून ऐकले नव्हते. नाशिकच्या माणसाला द्राक्षाचे वर्ष समजावून सांगावे लागत नाही. पण ते वर्ष विद्यापीठाच्या वर्षाशेजारी ठेवून पाहिले की जे दिसते ते अस्वस्थ करणारे असते. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि गोड्या बहराची, म्हणजे फळासाठीची छाटणीही तेव्हाच जोरात असते. छाटणीमागोमाग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, मग फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट काढायची, मग घडांची विरळणी, मग डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे; आणि यातले प्रत्येक काम ठरावीक दिवसांतच उरकावे लागते. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपते न संपते तोच एप्रिलची खरड छाटणी दाराशी येते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतून ज्या टोळ्या दिंडोरी, निफाड, चांदवडच्या बागांत उतरतात, त्या एकराच्या हिशेबाने उक्ते काम घेतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते आणि ती बहुधा पावसाळ्यातच संपलेली असते. एक माणूस कमी पडला तर काम लांबते आणि त्याचा भार सगळ्या टोळीवर येतो. अशा वेळी घरातल्या शिकणाऱ्या मुलीला बोलावले जाते, त्यामागे शिक्षणाविषयी अनास्था नसते. आईची जागा रिकामी आहे आणि शब्द दिलेला आहे, इतकेच त्याचे कारण असते.

त्या बागांतून परीक्षेला आलेल्या मुलींचे हात मी पाहिले आहेत. पेस्टमधल्या रसायनाने बोटांच्या टोकांची साले निघालेली असतात. हातमोजे सगळ्यांना मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते घालून बोटे भरभर चालत नाहीत. तीन तास पेन धरायचे तर ती बोटे झोंबतात. पर्यवेक्षण करताना एका मुलीने पेनाला रुमाल गुंडाळलेला मला दिसला होता. मॅडमच्या टेबलाच्या खणात म्हणूनच नारळाच्या तेलाची छोटी बाटली आणि चिकटपट्ट्या असतात. विद्यार्थी साहाय्याच्या कोणत्याही परिपत्रकात हे साहित्य लिहिलेले नसते.

हा कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली आहे. पूर्वी तिथे खेळाचे साहित्य ठेवत, आणि अजूनही दमट दिवसांत तिथे जुन्या चामड्याचा आणि चुन्याचा वास येतो. एक लोखंडी कपाट, एक संगणक, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खोलीचे दोन भाग करणारा निळा पडदा. सुरुवातीला दारावर ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी होती आणि पहिले काही महिने कोणी आतच आले नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला त्या दारातून आत जाताना वर्गमित्रांनी पाहणे परवडत नाही. आपल्या डोक्यात काही बिघडले आहे असे लोक समजतील, ही भीती त्याला असते. मग मॅडमनी प्राचार्यांना सांगून पाटी बदलून घेतली आणि तिथे ‘शिष्यवृत्ती व दाखले मदत’ असे लिहिले. त्याच आठवड्यापासून बाहेर रांग लागली. बोनाफाईडसाठी आलेला मुलगा काम झाल्यावरही खुर्चीवरून उठत नाही, पावतीचा कागद उगाच दुमडत राहतो, तेव्हा मॅडम शिपाईमामांकडे पाहतात. मामा चहा आणायला म्हणून बाहेर जातात आणि दार लोटून घेतात. पुढचे बोलणे पडद्याआड होते, आणि त्यात काय होते ते मला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचे कारणही नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांनी सूचना फलकावर न लावता स्वच्छतागृहांच्या दारांवर आतून चिकटवला आहे. तिथे तो कोणाच्या नजरेत न येता टिपून घेता येतो.

कागदांचे काम आणि मनाचे काम वेगळे असते, असे मला पूर्वी वाटे. या खोलीत बसल्यावर तो समज राहिला नाही. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका मुलाशेजारी मी बसले होते तो दिवस आठवतो. त्याच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मोठ्या भावाकडे होता, आणि भाऊ त्या क्षणी पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवत होता. ओटीपी यायचा, भावाला फोन लावायचा, त्याला गोंगाटात ऐकू यायचे नाही, आकडे सांगेपर्यंत मुदत टळायची आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटायची. तिसऱ्या खेपेला मुलगा खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि म्हणाला, “राहू द्या मॅडम, आमच्या नशिबातच नाही ते.” एका ओटीपीवरून मुलगा नशिबापर्यंत जाऊन पोहोचला होता, आणि नेमके तिथेच त्याला थांबवणारे कोणीतरी लागते. मॅडमनी त्याला बस म्हटले, भावाच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारली आणि त्या वेळेला पुन्हा बसायचे ठरवले. त्या दुपारी अर्ज गेला. पुढे पैसे जमा झाले ते भलत्याच खात्यात, कारण आधार एका जुन्या खात्याला जोडलेले होते. कधीकाळी गावात भरलेल्या शिबिरात ते खाते उघडले होते आणि त्याचे पासबुकही घरात कोणाला सापडत नव्हते. ते निस्तरायला आणखी बँकेच्या फेऱ्या झाल्या. जात वैधतेचे तर विचारूच नका. जमातीच्या दाव्याला १९५० पूर्वीची नोंद मिळाली तर मोठा आधार होतो. पण ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्याच्या आजोबांची जमात शाळेच्या दाखल्यावर कुठून सापडणार? मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधायची, तिची नक्कल मिळवायची, वंशावळ लिहायची. मॅडम मुलांना हे काम करून देत नाहीत. अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, खिडकीवर काय म्हणायचे, ‘उद्या या’ म्हटले तर पोच कशी मागायची, हे त्या मुलांकडून आधी म्हणवून घेतात. स्वतः खिडकीपलीकडे बसून त्या कारकुनाची भूमिका करतात, आणि जरा दरडावूनच बोलतात. पहिल्यांदा मुलांना हसू येते. नंतर ती तहसीलला जाऊन येतात तेव्हा त्यांची चाल बदललेली दिसते.

अभ्यासाच्या मदतीचे सांगायचे राहिले. ती बाजू पेठ तालुक्यातूनच आलेला, आश्रमशाळेत शिकलेला आणि आता आमच्याकडे तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवणारा एक तरुण शिक्षक सांभाळतो. पहिले व्याख्यान सुरू होण्याआधी, सकाळी पावणेआठला त्याचा वर्ग भरतो. वसतिगृहातली मुले डोक्याला तेल लावून, थंडीत कानाला मफलर गुंडाळून येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने पंचवार्षिक योजनांच्या काळात मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या जादा वर्गांसाठी निधी दिला होता. पुष्कळ ठिकाणी त्या वर्गांत तेच व्याख्यान पुन्हा एकदा, थोड्या मोठ्या आवाजात होत असे. हा शिक्षक धडा पुन्हा शिकवतच नाही. तो जुनी प्रश्नपत्रिका देतो, तिच्यावर पट्टी ठेवायला लावतो आणि एका वेळी एकच ओळ उघडी करतो. काय मागितले आहे, भाग किती, गुण किती, आकृती हवी का, एवढेच पेन्सिलीने लिहायचे. उत्तर लिहायचे नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि घरी कोकणा जमातीची बोली बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी प्रश्नातले लांबलचक वाक्य म्हणजे एक भिंतच असते. उत्तर त्याला पुष्कळदा येत असते. दोन-तीन महिने अशी पट्टी सरकवल्यावर मुले वर्गात हात वर करू लागतात, हे मी माझ्या तासाला प्रत्यक्ष पाहते. या शिक्षकाला मानधन व्याख्यानांचे मिळते. सकाळच्या पाऊण तासाची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नाही.

नाशिकला हे सगळे नवे असू नये, असे मला राहून राहून वाटते. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिले मराठा वसतिगृह उभे केले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लागली, ती दृष्टी इथेही पोहोचली होती. १९१४ मध्ये इथे मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, आणि उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीचा पाया घालायला १९२० मध्ये स्वतः शाहू महाराज नाशिकला आले होते. दादासाहेब गायकवाड म्हटले की आपल्याला २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. त्याच दादासाहेबांनी नाशिकमध्ये दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचीही जबाबदारी सांभाळली होती. साताऱ्याकडे कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी होती. कोण जेवला नाही, कोणाला ताप आहे, कोणाच्या घरून पत्र आलेले नाही, हे ठाऊक असलेले एक माणूस त्या छपराखाली राहत असे. आता मदत थेट खात्यात जाते. स्वाधार आहे, स्वयम् आहे, निर्वाह भत्ता आहे. या योजना नसत्या तर माझ्या वर्गातली कितीतरी बाके रिकामी राहिली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण पैसे थेट पोहोचवण्याच्या भरात ते माणूस मधून निघून गेले. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, ती खानावळीऐवजी खात्यात पैसे नकोत म्हणून. त्या वेळी अनेकांना ही मागणी विचित्र वाटली होती. घरून उचल फेडायचा निरोप आला की खात्यातले जेवणाचे पैसे पहिल्यांदा तिकडे जातात, हे ज्याला माहीत आहे त्याला ती मागणी विचित्र वाटणार नाही.

सगळेच टिकतात असे मात्र नाही. हरसूलकडचा एक मुलगा होता. गणितात चांगला, बोलायला अगदी कमी. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला म्हणून मार्गशीर्षात गावी गेला. हा उत्सव पंधरवडाभर चालतो आणि त्या दिवसांत व्रत धरलेले तरुण घरी झोपत नाहीत, हे मॅडमना ठाऊक असल्याने त्यांनी गैरहजेरीची चिंता केली नव्हती. उत्सव संपला, तरी तो आला नाही. फोन बंद. मामांच्या मोटारसायकलवर मागे बसून मॅडम त्याच्या पाड्यापर्यंत जाऊन आल्या. घरी आजी होती. तिने नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे पुढे केले, आणि पोरगा वापीला कंपनीत लागला, असे सांगितले. पुढे त्याच्याशी एकदाच बोलणे झाले. पाळी बदलत असते, खोलीवर पाच जण राहतो, घरी पैसे पाठवतो, असे तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होते असे मला म्हणता येणार नाही. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे तो जरा सुटल्यासारखाच वाटला. आपण कोणाला कशासाठी धरून ठेवतो आहोत, हा प्रश्न अशा वेळी पडतो, आणि त्याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मॅडमनी मात्र लांबट नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘गळती’ असे लिहिले नाही. ‘संपर्क चालू’ असे लिहिले, आणि मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख शेजारी टिपून ठेवली.

ती नोंदवही हा या कक्षाचा खरा ऐवज आहे. कोणाची टोळी कुठे असते, कोणाच्या वडिलांचे व्यसन, कोणाची साखरपुड्याची बोलणी चालू आहेत, कोणाला रविवारी घरी जायला नको वाटते, असे त्यात चार-चार शब्दांत लिहिलेले आहे. काही खुणा तर फक्त मॅडमनाच उमगतात आणि तसे असणेच योग्य आहे. पण मॅडमची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर आहे. दर उन्हाळ्यात करार संपतो, मध्ये काही दिवस जातात, नवा होईल की नाही हे जूनपर्यंत सांगता येत नाही. आणि जून हाच प्रवेशाचा, दाखल्यांचा, पहिल्यांदा शहरात उतरलेल्या मुलांचा महिना. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असायला हवा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ते निर्देश आले आणि ते फार आवश्यक होते. माझी काळजी इतकीच, की एक पात्र माणूस नेमून त्याला दर वर्षी बदलत राहिले, तर निर्देशाची पूर्तता होईल आणि टोळी कुठे आहे हे मात्र कोणालाच कळणार नाही. हे ज्ञान पदवीने येत नाही, तीन-चार छाटण्या त्याच जागी बसून पाहाव्या लागतात. म्हणून ही पदे कायम असली पाहिजेत, त्यांना वेतनश्रेणी असली पाहिजे, आणि सकाळच्या पाऊण तासाचे मोल हिशेबात धरले पाहिजे. शिक्षकांच्या बैठकीत मी हे बोलते तेव्हा माना हलतात. मग पुढचा विषय येतो.

दाखला मागायला आलेल्या त्या मुलीचे त्या दुपारी जे ठरले ते असे. तिची एक आतेबहीण बारावीनंतर घरीच होती. तिने आईच्या जागी टोळीत जावे, आणि मुलीने प्रात्यक्षिकांचे तीन दिवस महाविद्यालयात राहून उरलेले दिवस बागेत हात द्यावा. मॅडम मुकादमाशी फोनवर बोलल्या. “दादा, पोरगी शब्द मोडत नाही, फक्त तीन दिवस मला द्या,” असे त्या म्हणाल्याचे मी ऐकले. महिलांना एसटीत निम्मे तिकीट असल्यामुळे हे येणे-जाणे कसेबसे बसले. तरीही परीक्षेत तिचे दोन विषय राहिले. तिसऱ्या वर्षात ती एटीकेटीवर गेली आहे आणि पट्टीच्या वर्गाला येते. आल्यावर मागच्या बाकावर बसते आणि अधूनमधून डुलक्याही घेते.

या वर्षी मॅडमनी एक लेखी प्रस्ताव दिला आहे. अंतर्गत मूल्यमापनाची चाचणी ऑक्टोबरातच एकदा न घेता, ज्यांच्या घरचे हंगामी कामावर आहेत त्यांना डिसेंबरात दुसरी संधी मिळावी, आणि त्यासाठी पालकाच्या साध्या सहीचे पत्र पुरेसे धरावे. ही चाचणी महाविद्यालयाच्याच हातातली असल्याने त्यासाठी विद्यापीठाकडे जावे लागणार नाही. प्रस्तावासोबत त्यांनी दोन रकान्यांचा तक्ता जोडला आहे. एका बाजूला बागेतली कामे, दुसऱ्या बाजूला आमचे शैक्षणिक वेळापत्रक. संख्याशास्त्राच्या त्या शिक्षकाने आणि मी त्यावर सह्या केल्या आहेत. परीक्षा समितीत एकाने विचारले, की मग टोमॅटोवाल्यांचे काय आणि ऊसतोडीवाल्यांचे काय. मॅडम म्हणाल्या, त्यांचाही रकाना करता येईल, माझ्याकडे नोंदी आहेत. समितीने तो तक्ता मागवून घेतला आहे.